कारखाना बंद आहे, असं आम्ही म्हणतो

एखाद्या जागेचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तिथे नोकरीला राहिलं की पुरे, आपोआप साठत जातात. आमचा साखर कारखाना पुणतांब्याच्या अलीकडे. मी लॅबमध्ये होतो. कारखाना बंद पडला, मशिनरी भंगारात गेली, आणि काही वर्षांनी पुण्याच्या मंडळींनी त्या रिकाम्या शेड्समध्ये कलाकेंद्र काढलं. आता मी तिथला मॅनेजर! बॉयलरवरचे पाराजीमामा फाटकावर वॉचमन. जुने असे आम्ही दोघंच.

* * *

पहिल्याच प्रदर्शनात एक बाई खूश होऊन म्हणाल्या, “चित्रं छान आहेतच, पण तो मळीचा वास! कुणाची आयडिया?”

“कसला वास?” मी म्हटलं, आणि तेवढ्यात मलाही आला. गरम मळीचा, घशात बसणारा.

मळीची टाकी तर कधीच कापून नेली होती. मी म्हटलं, “थँक यू!”

* * *

साखरेच्या गोदामात एका कलाकाराला मुंग्यांची रांग दिसली. मोकळ्या फरशीवर सरळ जायची, काटकोनात वळायची, परत सरळ. त्याने कडेने खडूची रेघ ओढली, तर भला मोठा चौकोन झाला.

पाराजीमामा म्हणाले, “बराबर हाय. पोत्यांची तिसरी थप्पी हितंच लागायची.”

फरशी मी स्वतः दोनदा धुऊन घेतली होती, हो!

* * *

उसाच्या गाड्या तोलायचा काटा तेवढा शाबूत होता. त्यावर एक डान्स ग्रुप नाचला. आठ मुली चढल्या, गंजलेली सुई हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाच संपला, मुली उतरल्या. सुई खाली येईना! उलट हळूहळू आणखी वर चढली.

मी पुढे निघालो तर मामांनी हात धरला. “दमा सायब. गाडी उतरू द्या.”

मिनिटभराने सुई शून्यावर आली.

* * *

केदार नावाचा एक साउंड आर्टिस्ट आला. त्याने रिकाम्या बॉयलर हाऊसचा आवाज रेकॉर्ड केला आणि चहाच्या वेळी आम्हाला ऐकवला. कबुतरं, वारा, पत्र्याची कुरकुर. मग अगदी स्पष्ट : “पाराजी, वाफ कमी पडतीय!”

मामा कप टाकून उठले. “वाढवतो सायब!” म्हणत पळत सुटले ते थेट शेडच्या दारात थबकले. आत नुसती जमीन.

तेव्हापासून मामा त्या बाजूला जात नाहीत.

* * *

रेवती नावाच्या चित्रकार मुलीने मोठ्या भिंतीवर जुन्या कामगारांचं चित्र काढलं. गेटपासवरचे फोटो बघून. त्यामुळे सगळे कसे पंचविशी-तिशीतले, मिशा पिळलेले!

उद्घाटनाला घरची माणसं आली. त्यात द्वारकाबाई होत्या. त्यांचे मालक हरिभाऊ वीसेक वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला आत गेले. हजेरी लागली, पण बाहेर पडताना कुणी पाहिलं नाही. टाक्या उपसल्या, विहीर पाहिली. काही नाही. द्वारकाबाई अजून कुंकू लावतात.

चित्रासमोर त्या थांबल्या. सगळ्या तरण्या माणसांत हरिभाऊ एकटेच पांढऱ्या केसांचे, वाकलेले.

“ह्यांनाच म्हातारं का काढलं गं?”

रेवती म्हणाली, “आजी, फोटो पुसट होता. पण आजोबा स्वतःच यायचे ना! रोज दुपारी, त्या खांबापाशी उभे राहायचे. मग आहेत तसेच काढले.”

मामा पुटपुटले, “फाटकातनं असं कुनी आलं न्हाई.”

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “माझं काही इचारलं का?”

“नाही. रोज एकच विचारायचे, पाळी सुटली का? मी म्हणायचे, मला नाही माहीत आजोबा.”

द्वारकाबाईंनी पदर सावरला. भिंतीला अगदी खेटून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या,

“सुटली. चला घरी.”