साडभाऊंची डावी बाजू

या जगात आजवर जेवढ्या चुका झाल्या, त्यांतली एकही आमच्या साडभाऊंच्या हातून झालेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात, पण एवढ्याशा शब्दात हे गृहस्थ मावणार नाहीत. नातं दोन्हीकडून सारखंच, म्हणून तेही मला साडभाऊच म्हणतात. अर्जुनी मोरगावजवळ तलावाखाली त्यांची धानाची शेती आहे. एसटी हुकली तर ती लवकर सुटलेली असते, धान लोळलं तर वारा भलत्या बाजूनं आलेला असतो, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते मुहूर्त टळल्यावर पोचले, तेव्हा भटजींनी घाई केलेली होती. "भटजीले कोनती गाडी धराची होती?" असं ते अजूनही विचारतात. ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळा संसार "हो, तसंच असन" एवढ्या एका वाक्यावर रेटला.

अशा माणसाला आजार झाला तर तो ओळखायचा कसा? मागच्या वर्षी एका सकाळी साडभाऊ अर्धीच दाढी करून बाजारात गेले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंट तसेच, आणि मिशीही उजवीकडचीच कोरलेली. बाजारात कुणी म्हणालं पैज असेल, कुणी म्हणालं नवस असेल. तोंडावर विचारायची छाती कुणाची नव्हती. जेवताना ते ताटातला उजवीकडचा भात चाटूनपुसून खात आणि डावीकडचा तसाच ठेवून उठत, मधोमध बांध घातल्यासारखा. वर पुन्हा विचारणा, "चटणी वाढनं बंद केलं काय?" चटणी ताटात डावीकडे, जिथं असते तिथंच असे. पायात उजवी चप्पल तेवढी. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला की सुताराचा उद्धार, कारण त्यानं चौकट आत घेतलेली. आम्ही सगळे पोटभर हसलो. स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतोच. मग एका दुपारी मी खाटेशी त्यांच्या उजवीकडे बसलो असता त्यांनी पोटावर पडलेला स्वतःचाच डावा हात मनगटाला धरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "साडभाऊ, तुमचा हात उचला. मले जड होऊन राहिला." माझं हसू तिथल्या तिथं विरलं. आम्ही त्यांना गोंदियाला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागद पुढं ठेवून हिंदीत सांगितलं, "चाचाजी, इसमें घड़ी बनाइए." साडभाऊंनी गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात एकावर एक कोंबले. डावा अर्धा कोरा. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "कागद लहान हाय तुमचा." डॉक्टरांनी मग आम्हाला समजावलं. मेंदूच्या उजव्या भागाकडे जाणारं रक्त गुठळीनं अडलं होतं, आणि डावीकडच्या जगाची दखल घेणारा भागच तेवढा दुखावला होता. डोळे शाबूत, कान शाबूत. पण डाव्या बाजूला काही आहे हेच मेंदूला पटत नाही. लकवा म्हटलं की वाकडं तोंड, लुळा पाय आणि अडखळती जीभ एवढंच आम्हाला ठाऊक. यांची जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झालेली. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. साडभाऊ म्हणाले, "मी तं म्हनतच होतो." कुणाला म्हणत होते, ते कुणी विचारलं नाही.

गोळ्यांबरोबर एक व्यायाम मिळाला. घरच्यांनी त्यांच्या डावीकडे बसायचं आणि तिकडूनच बोलत राहायचं, म्हणजे हळूहळू त्यांची मान तिकडे वळायला शिकेल. ताईला यात काही अवघड वाटलं नाही. लग्नात नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसवलं, तेव्हापासून संध्याकाळी ओसरीवर ती तिथंच बसत आलेली. ती बसे, बोले, सुपारी कातरे. साडभाऊंना आवाज ऐकू येई आणि ते तिला उजवीकडे शोधत. उजवीकडे कुणीच नसे. मग येईल त्याला ते सांगू लागले, "आजारी पडलो तवापासून बायको जवळ बसत नाही. आतूनच बोलते. काऊन बसन? आता आपला काय उपयोग?" हे सांगत असताना ताई त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असे. "मी इथंच आहो," ती म्हणे. "हो हो, बोल आतूनच," ते म्हणत. ऐकणाऱ्यांना हसू येई. सुरुवातीला ताईलाही आलं. पुढं पुढं कुणी आलं की ती मान खाली घालून नुसती सुपारी कातरत राही.

धानाची कापणी आटोपल्यावर मी गेलो, तेव्हा तीच तक्रार माझ्या वाट्याला आली, पण आवाज उतरलेला होता. "भांडाचं काही नाही, साडभाऊ. नुसती येऊन बसली असती, तं बरं वाटलं असतं." यात त्यांनी कुणालाच दोष दिला नव्हता. मला ते फार लागलं. ताईनं अडकित्ता खाली ठेवला, ती उठली आणि त्यांच्या पाठीमागून फिरून उजवीकडे येऊन बसली.

"डॉक्टरांनी डावीकडे सांगितलंय, ताई," मी म्हणालो.

"मान वळन तवा वळन," ती म्हणाली. "तोवर त्याईनं एकट्यानंच बसाचं काय?"

साडभाऊंची नजर तिच्यावर पडली.

"आली काय?"

"आली."

"आता उठू नको."

"नाही उठत."

आता मी गेलो की डावीकडच्या त्या जागेवर मी बसतो, आणि पावसापाण्याचं, धानाच्या भावाचं जे सुचेल ते बोलत राहतो. साडभाऊ ऐकतात, उजवीकडे वळतात आणि ताईला सांगतात, "साडभाऊचा आवाज येते, पन मानूस काही येत नाही. विसरला वाटते." मला वाईट वाटतं, आणि मी जरा मोठ्यानं बोलू लागतो.