कडूबाई टीचरची चौथीची तयारी

कडूबाई त्रिभुवन या बाईबद्दल चांगलं बोलणारे आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. निरोप समारंभात एकेकानं तोंड भरून कौतुक केलं, दोघींनी डोळेही पुसले. मी त्यातली नाही. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं आणि ते शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. अहोजाहो मी तिला फक्त तोंडावर करायची, इथं करायचं काही कारण दिसत नाही.

आमची शाळा मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, नन लोकांची, पहिली ते चौथी. चौथी झाली की पोरं मोठ्या शाळांत जातात, म्हणून इथं चौथीचा मान फार. सकाळची प्रार्थना चौथीची मुलं सांगतात, घंटा तीच वाजवतात, पहिलीच्या पोरांना रांगेत तीच उभं करतात. तिसरीला कडूबाई होती, चौथीला मी. तिनं वर्षभर मळून ठेवलेली कणीक दर जूनमध्ये माझ्या परातीत पडायची.

बाई मूळची वैजापूरकडची. बाप चर्चमध्ये धर्मशिक्षक होता, लोक त्याला मास्तर म्हणायचे. आधीची दोन लेकरं तान्हेपणीच गेली, म्हणून आईनं हिला कडूबाई केलं, गोड नावाला नजर लागते म्हणे. बाप्तिस्म्याचं नाव मार्था, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात टाकली. पहाटे उठा, अंगण झाडा, प्रार्थना म्हणा, चुकलं तर गुडघ्यावर. हे सगळं ती स्टाफरूममध्ये इतक्या अभिमानानं सांगायची की जणू बाकीचे आम्ही शिकलोच नाही. नवरा देवगाव रंगारीचा, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पोरबाळ नाही. तिसरीचा वर्ग हाच तिचा संसार, आणि त्या संसारात ती सासू होती.

मी रुजू झाले त्याच दिवशी आमची ठिणगी पडली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आवाज बारीक हाय गं तुझा. तिसऱ्या बाकापत्तोर तरी जातो का?"

माझा आवाज मुळातच बारीक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "टीचर, मुलांना समजून सांगितलं की ओरडावं लागत नाही."

"व्हय का? बरंय मग," म्हणाली आणि पंखा स्वतःकडे वळवून घेतला. त्या पंख्यावरून आम्ही पुढं वर्षानुवर्षं भांडलो.

पण खरं सांगायचं तर समजून सांगितलेलं चालत होतं. जूनमध्ये माझ्या वर्गात पोरं यायची ती अशी गपगार की टाचणी पडली तरी ऐकू यावं. मी आत पाऊल टाकलं की ताठ उभी. "बसा" म्हटल्याशिवाय बसायची नाहीत. दिवाळीपर्यंत हळूहळू मोकळी व्हायची, माझ्या ओढणीला लोंबकळायला लागायची, तरी वर्ग कधी हाताबाहेर गेला नाही. मुख्याध्यापिका सिस्टर पालकांना सांगायच्या, रूपाली टीचरनी कधी छडी हातात घेतली नाही, तरी शिस्त बघा. मला ते फार गोड लागायचं.

मग या फेब्रुवारीत मी ते बघितलं.

वाचनाचे तक्ते परत करायला मी तिसरीच्या वर्गाकडे गेले होते. दारापाशी पोचले तर आतून कडूबाईचा आवाज. "चला, चौथीची तयारी. रूपाली टीचर आल्या!" मी खिडकीतून डोकावले. बाईनं साडीवरून कुणाची तरी ओढणी अंगावर घेतली होती, अगदी मी घेते तशी, दोन्ही खांद्यांवर पिना लावून. नाकाच्या शेंड्यावर चष्मा. हातात लाकडी पट्टी. आणि ती ओढणी सावरत बाकांमधून अशी फिरत होती की पोरं बाकाला चिकटून बसली होती.

"कोण हललं?" ती माझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हणाली. तो आवाज इतका गोड आणि इतका भयंकर होता की माझ्याच अंगावर काटा आला. "मी ओरडत नाय हं. मी नुसती बघते. ज्याच्याकडं बघते त्याचं नाव लक्षात ठेवते. मग त्याला वर्षभर सोडत नाय."

पहिल्या बाकावरची महेजबीन, कूलर दुरुस्त करणाऱ्या फारूखभाईंची मुलगी, ओठ दाबून रडत होती. कडूबाई तिच्याजवळ वाकून म्हणाली, "चौथीत असं रडलं तर चालत नाय बरं का त्या टीचरला."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दर जूनमध्ये ताठ उभी राहणारी ती पोरं माझ्या मायेनं गप्प बसत नव्हती. या बाईनं मला राक्षसीण करून त्यांच्यापुढं नाचवलं होतं, आणि तेही किती वर्षं, देव जाणे.

मधल्या सुट्टीत मी तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "लाज वाटत नाही तुम्हाला? माझ्या नावानं लेकरांना घाबरवता?"

तिनं डबा धुणं थांबवलंसुद्धा नाही. "मग कुणाच्या नावानं घाबरवू? सिस्टरच्या?"

"घाबरवायचंच कशाला?"

"कारण तुला येत नाय ते." डबा झटकून तिनं माझ्याकडे पाहिलं. "अगं, तुझ्या हातात साठ पोरं. दुसऱ्या वर्षी मोठ्या शाळेत जाणार, तिथं कोण गोंजारणार हाय त्यांना? त्यांना नीट बसता आलं पायजे, ऐकता आलं पायजे. तू लाड करती, करू दे. पण लाड करायला आधी वर्ग गप पायजे ना? तो मी गप करून देती. तुला नुसतं गोड व्हायचं काम राहतं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं असं करायला?"

"नाय. पर नऊ वर्षं आयतं खाल्लंस की."

या बाईशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी सिस्टरांकडे गेले नाही, कारण तक्रारखोर म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. पण एप्रिलमध्ये फारूखभाई स्वतःच ऑफिसात आले. त्यांच्या बायकोनं, यास्मिननं, बाहेर पायरीवर बसून घेतलं होतं, आत यायलाच तयार नव्हती.

"सिस्टर, पोरगी रातकू उठके रोती," ते म्हणाले. "बोलती, चौथीमें नै जाती. ताप भी आया. दाखला देऊन टाका, दुसऱ्या शाळेत घालतो. इथं तिची मोठी बहीण शिकली, तेव्हा या टीचर नव्हत्या, मला पण वाईट वाटतं, पण पोरीचे हाल बघवत नाय."

सिस्टरांनी मला बोलावलं. फारूखभाई माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या लेकराला चावले होते. त्यांना मी म्हटलं, "भाईजान, मी आजवर एका मुलावर हात उगारलेला नाही." त्यांनी मान हलवली, पण विश्वास काही दिसला नाही. मग मी सगळं सांगितलं. ओढणी, चष्मा, पट्टी, सगळं.  सिस्टरांनी कडूबाईला बोलावून एवढंच सांगितलं, "टीचर, उद्या वर्गासमोर उभं राहून मुलांना खरं सांगायचं. तुम्ही मुलांना शिकवता ना, खोटं बोलणं पाप असतं?"

निवृत्तीला महिना उरलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. आतून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागे उभ्या, मी आणि सिस्टर. फारूखभाईंनाही बोलावलं होतं. कडूबाई फळ्यापुढं उभी राहिली. पदर खोचला आणि म्हणाली, "ऐका रे. मी तुम्हाला रूपाली टीचरबद्दल सांगितलं ते खोटं व्हतं. ती मारत नाय. नावं लक्षात ठेवत नाय. ओरडत तर नायच नाय. तिला ओरडताच येत नाय. तुम्ही कायबी केलं तरी ती तुम्हाला काय बी करणार नाय. झालं समाधान?"

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे बघून टाकलं. पोरं खदखदून हसली. महेजबीनही हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. फारूखभाईंनी दाखल्याची गोष्ट मागे घेतली. जाताना मला म्हणाले, "बस, मॅडम, पुन्हा एकदा जर रोते घर आली, तर मग मी विचारायलाबी येणार नाय." मी म्हटलं, "नाही येणार ती रडत. माझी जबाबदारी."

मे अखेरीस बाई निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, भाषणं. मी बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापाशी येऊन ती थांबली, वाटलं आता तरी दोन शब्द बरे बोलेल. "मधाचं पाणी पीत जा घशासाठी," म्हणाली आणि रिक्षात बसली.

जूनमध्ये पोरं आली. आली म्हणजे काय, घुसली. मी आत गेले तेव्हा उभं राहायचं कुणाला आठवलंसुद्धा नाही. मी "बसा" म्हटलं तर उभे असलेले उभेच, बसलेले बाकावर चढले. सुयश नावाच्या पोरानं पहिल्याच आठवड्यात माझी नक्कल सुरू केली, "बाळांनो, ऐका ना," असं बारीक आवाजात, आणि बाकीचे त्याला टाळ्या द्यायचे. प्रार्थनेला आमची रांग नागमोडी, घंटा वाजवायला पाच जणांची मारामारी. पहिलीच्या लेकरांना रांगेत उभं करायला पाठवलं तर त्यांना रडवून परत आली. मी समजावलं. गोष्ट सांगितली. बक्षिसं लावली. तोंडावर बोट ठेवून उभी राहिले, तर तेसुद्धा तोंडावर बोट ठेवून हसायला लागले. शेजारच्या वर्गातून निरोप यायचा, टीचर, जरा आवाज कमी. सिस्टर दारातून डोकावून निघून जायच्या.

मला कडूबाईचा संताप यायचा. शेवटी जाता जाता बाईनं डाव साधलाच. खरं सांग म्हटलं होतं, तर खऱ्याचाच असा वापर केला. एवढं मात्र होतं की महेजबीन रोज येत होती. पहिल्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन, सगळ्या गोंधळात एकटी माझ्याकडे बघत बसायची. मला त्या वर्गात तेवढाच आधार होता.

पाढे घेत होते त्या दिवशीची गोष्ट. माझं तोंड हलत होतं आणि मलाच माझं ऐकू येत नव्हतं. सुयश बाकावरून बाकावर उड्या मारत होता. तो एका बाकावर उतरला, बाक उलटलं आणि पुढच्या पोराच्या पायाजवळ धाडकन आपटलं. पोर अगदी थोडक्यात वाचलं. आणि सगळा वर्ग हसला.

माझं डोकं फिरलं. डस्टर मी टेबलावर असा हाणला की खडूचा धुरळा उडाला. "गप्प बसा!" मी ओरडले. कुठून आला तो आवाज, मला माहीत नाही. शेजारचा वर्गही गप्प झाला. "एक शब्द काढला तर एकेकाला उचलून बाहेर फेकीन! समजता काय स्वतःला? हं?"

वर्ग जागच्या जागी थिजला. हात मांडीवर, माना खाली. सुयश उलटलेल्या बाकाशेजारी ताठ उभा होता. मला आत कुठंतरी बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

मग पहिल्या बाकावर चेनचा आवाज झाला. महेजबीन पाण्याची बाटली दप्तरात घालत होती. तिनं वही घातली, डबा घातला, चेन ओढली आणि दप्तर पाठीला लावलं.

"कुठं निघालीस, बेटा?" मी शक्य तितक्या हळू विचारलं.

"घरी," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "कडूबाई टीचरनं पहिल्यांदा सांगितलं, तेच खरं होतं."

ती दाराकडे निघाली. तिला थांबवायला मी पुढं गेले, हात लांब केला, आणि ती दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीला लागून बसली.