कॉलरच्या आतला नंबर

ये गं बाई, अशी जवळ बस. आधी तो मोबाइल खाली ठेव. बंगळूरला आहेस ते ठाऊक आहे मला, पण वाचताना तरी माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसलीयेस असं समज. किती महिने झाले गं? दर वेळी आपलं ‘आजी, पुढच्या महिन्यात नक्की.’ स्वतः यायचं नाव नाही आणि कुरियरने कपडे पाठवतेस. त्या कपड्यांना काय करू मी, चहा देऊ?

बरं, रागवत नाही. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवलीय. फोनवर सांगायला गेले की भलतंच काहीतरी बोलून ठेवून देते, म्हणून लिहिते. गेल्या नवरात्रात तुझे आजोबा हरवले होते. तीन तास. तुझ्या आईलाही मी अजून सांगितलेलं नाही. ते सापडले, घाबरू नकोस. पण नीट ऐक, कारण सापडले म्हणजे सगळं झालं असं नाहीये ते.

मी शिवण कुणाकडे शिकले नाही, तुला माहितीये. जुना ब्लाउज उसवायचा, तुकडे जमिनीवर पसरायचे, कुठला तुकडा कुठे बसतो ते बघायचं. खोली तळमजल्यावर, खिडकी रस्त्याला, अर्धी डोंबिवली स्टेशनला जाते ती माझ्या खिडकीवरून. चाळीस वर्षं मी लोकांचे चेहरे बघितलेच नाहीत गं, कपडे बघितले. पलीकडच्या गल्लीतली बँकेतली बाई. घरचे स्थळं दाखवून दाखवून तिला भंडावत होते, तेव्हा नुसते फिके, धुऊन धुऊन उडाल्यासारखे रंग. लग्न करायचंच नाही असं तिने घरी सांगून टाकलं, त्याच आठवड्यात लालभडक कापड घेऊन आली. म्हणाली, ‘मावशी, गळा जरा मोठा ठेवा.’ मी गळा मोठा ठेवला. एकदा ठाकुर्लीच्या बाजूची एक कॉलेजातली मुलगी गुडघ्यावर फाटलेली जीन्स देऊन गेली, खालून दोन इंच कमी करायला. मी जीव ओतून दोन्ही गुडघे रफू करून दिले. ती रडायचीच बाकी! ‘आजी, ती भोकं विकत घेतलेली होती!’ दिवाळीच्या पहिल्या सकाळी गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या पोरी बघ. अंगावर आजीची पैठणी, पायात पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. लोक नावं ठेवतात. मला आवडतं. बोलून सांगता येत नाही ते माणूस अंगावर घालतं.

आणि तुझे आजोबा म्हणजे तपकिरी शर्ट. कंपनीत अंगावर केमिकलचे शिंतोडे उडायचे, तपकिरीवर डाग दिसत नाहीत म्हणून मी पहिल्यांदा शिवला. मग त्यांनी दुसरा रंग अंगाला लावून घेतला नाही. रिटायर झाले तरी तोच. भाजीवाली लांबून बघूनच म्हणायची, ‘आले तपकिरी काका, कोथिंबीर काढून ठेवा.’

विसरायला लागले तेव्हा मी कुणाला न सांगता एक काम केलं. त्यांचे शर्ट दोनच, त्या दोन्हींच्या कॉलरच्या आत तपकिरी दोऱ्यानेच माझा फोन नंबर भरला. दहा आकडे, गाठीच्या टाक्यांनी. कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही, अपमान वाटला असता. पण त्या गाठींची त्यांना सवय लागली. शर्ट हातात घेतला की अंगठा कॉलरच्या आतून फिरवायचे, गाठी लागल्या की मग हात बाहीत.

तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, ‘आजी, आजोबा रोज तेच काय गं घालतात? तू एवढी शिवणारी, आणि घरातच असं?’ मला लागलं ते. खरं होतं म्हणून लागलं. मग तू हिरवा झब्बा पाठवलास, पातळ, मऊ, छानच. पेपरात नवरात्रातल्या रंगांची यादी आली होती, कुठल्या दिवशी काय नेसायचं त्याची. त्यात एक दिवस हिरवा. म्हटलं, या वर्षी दोघंही हिरवे होऊन टेंभी नाक्याच्या देवीला जाऊ. त्याच दिवसांत बोहारीण आली. शर्ट दोन्ही विरले होते. दोन्ही देऊन टाकले आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. त्या डब्याकडे आता बघवत नाही.

झब्ब्यात नंबर भरायला घेतला होता मी. तीन आकडे झालेही. पण कापड इतकं पातळ की गाठी बाहेरून दिसायला लागल्या, गळ्याभोवती पुरळ उठल्यासारख्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दिसू देत. मी शिवणारी ना! माझ्या हातचं काम असं दिसलेलं मला चालेना. उसवून टाकलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, हात धरूनच तर नेणार आहे. चूक कुणाची हे तू रात्रंदिवस मनात घोळवशील, म्हणून आधीच सांगते. झब्बा तू पाठवलास, पण चूक ती, त्या तीन आकड्यांची, माझी.

त्या दिवशी त्यांनी कॉलरच्या आत अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाले, ‘हा माझा नाही.’

‘अहो तुमचाच आहे, नातीने पाठवलाय.’

‘माझा कुठाय?’

‘धुवायला टाकलाय,’ मी म्हटलं. खोटं बोलले.

दुपारच्या रिकाम्या गाडीने ठाण्याला गेलो. टेंभी नाक्याला पोचलो आणि मीच हरखून उभी राहिले. हिरवंच हिरवं गं! हिरव्या साड्या, हिरवे कुर्ते, बांगड्या, पोलीसबाईच्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा हिरवी. मी मनातल्या मनात कापडं ओळखत होते, ही साउथ कॉटन, हा नारायणपेठी काठ. तिथे बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. मी त्यांना पुरुषांच्या रांगेत उभं केलं. पुढच्या गृहस्थांना सांगितलं, ‘जरा लक्ष ठेवा हां.’ ह्यांना सांगितलं, ‘सरळ चालायचं, बाहेर मी उभीच आहे.’ त्यांनी मान हलवली.

बाहेर मी उभीच होते. ते गृहस्थ आले. मागे हे नव्हते.

‘तुमच्या मागे माझे मिस्टर होते!’

‘होते ना, हिरवा झब्बा,’ असं म्हणून त्यांनी मागे बघितलं. मागे सगळे हिरवेच झब्बे.

मंडपातल्या माइकवर एक मुलगी बसली होती, तिने पुकारलं. हिरवा झब्बा, पांढरी पँट, पांढरे केस, आठवण कमी आहे. पाच मिनिटांत लोकांनी चार म्हातारे आणून उभे केले. चौघेही हिरवे. एक तर चिडलेले, ‘अहो मी हरवलेलो नाही, माझी बायको ओटी भरतेय!’ लोक हसले. मीसुद्धा हसले असेन, तोंड हललं एवढं आठवतं. 

चौकीतली पोलीसबाई चांगली होती. तिने मला बसवलं, पाणी दिलं. ‘आजी, फोटो?’ मोबाइलमध्ये होता, पण तो तपकिरी शर्टातला. तिने मोबाइल एका हवालदाराजवळ देऊन इकडेतिकडे दाखवायला पाठवला, तर जो तो म्हणे, ‘नाही बाई, तपकिरी शर्टवाले कुणी दिसले नाहीत.’ बघ कसं असतं. चेहरा कुणी बघतच नाही.

‘आजी, कपडे सोडा. वायरलेसवर सांगायचंय, दिसायला कसे आहेत ते सांगा.’

मी म्हटलं, ‘छाती अडतीस. खांदा सतरा. डावा खांदा अर्धा इंच उतरता. उजवी बाही पाव इंच आखूड लागते. गळा...’

‘मापं नकोत हो. चेहरा सांगा. नाक कसंय? कपाळ?’

मला सांगता येईना. पन्नास वर्षं, बाई गं. मी डोळे मिटले तर तपकिरी कापड दिसे, काज दिसे, दुसऱ्या बटणाजवळचं केमिकलने पडलेलं बारीक छिद्र दिसे, आणि वर चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. नाक सरळ होतं की जरासं बसकं? मी रडायला लागले. नुसतं ते हरवले म्हणून नाही. मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं म्हणून.

ती म्हणाली, ‘शांत व्हा. त्यांना कुठे जायला आवडतं?’

कुठे जाणार? कुठेच जात नाहीत ते. दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसतात आणि डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावतात. मशीन थांबलं की मान वर करतात, चालू झालं की पुन्हा बटणं. हे बोलता बोलताच मी उठले. बाजूच्या बाजारातल्या गल्ल्यांत शिंप्यांची दुकानं आहेत, आणि नवरात्रात घागरे आखूड-लांब करायला त्यांची मशीन्स सकाळपासून धडधडत असतात.

पहिल्या दुकानात नव्हते. दुसऱ्यात नव्हते. त्या दोन दुकानांमधलं अंतर मी कसं चालले ते देवीला ठाऊक. रस्त्यात एकेका हिरव्या पाठीला हात लावत होते, पाठी वळत होत्या, माणसं वेगळीच. तिसऱ्या दुकानात, आत, मशीनला लागून स्टुलावर ते बसले होते. नुसत्या बनियनवर. झब्बा घडी घालून मांडीवर.

मास्टर म्हणाला, ‘मावशी, काका तुमचे का? कधीपासून बसलेत. म्हणतात हा माझा नाही, माझा शर्ट शिवायला टाकलाय तो द्या, घरी बायको वाट बघतेय. मी कॉलर उलटून बघितली, नाव-नंबर काही सापडतंय का. काहीच नाही.’

काहीच नाही. तिथल्या तिथे जमिनीत जावं असं झालं मला.

‘चला, घरी चला,’ मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. अगदी सभ्यपणे.

‘आपण कोण? माफ करा, मी अनोळखी बाईंबरोबर जात नाही.’

मास्टरची नजर बदलली. तो उठून मध्ये उभा राहिला. ‘मावशी, तुमचेच कशावरून?’ त्याचं बरोबरच होतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गजरा. रस्त्यातल्या हजार बायकांतली एक. मी त्यांना लग्नाची तारीख सांगितली, तुझ्या आईचं नाव सांगितलं, त्यांच्या कंपनीचं गेट सांगितलं. ते मास्टरकडे बघून हळूच म्हणाले, ‘या बाईंना काहीतरी त्रास आहे.’

काय करू मी? फोटो दाखवावा तर मोबाइल चौकीतच राहिलेला. कुणाला हाक मारू? गजरा ओढून काढला. चष्मा पुसून पुन्हा लावला. मग समोर टेबलावर मास्टरची टेप पडलेली दिसली. उचलली आणि गळ्यात टाकली, घरी असते तशी.

त्यांनी बघितलं. बघत राहिले. मग तोंड असं उजळलं!

‘अगं, किती उशीर? झाला का शर्ट?’

‘होतोय,’ मी म्हटलं. ‘बटणं लावायची राहिलीत. घरी चला.’

मास्टरने टेप परत घेतली नाही. चौकीतून मोबाइल घेऊन निघालो, आणि डोंबिवलीपर्यंत त्यांनी तिचं एक टोक मुठीत धरलं होतं, दुसरं माझ्या गळ्यात.

तेव्हापासून टेप माझ्या गळ्यात असते. दुधाला, बँकेत, देवळात, तुझ्या मावसमामाच्या घरच्या लग्नातसुद्धा. साडीही मी आता रोज एकसारखीच नेसते, जांभळ्या काठाची; तशा दोन आहेत, एक वाळत आणि एक अंगावर. खिडकीशी येणाऱ्या मुली विचारतात, ‘आजी, ही काय नवीन फॅशन?’ मी म्हणते हो, बंगळूरहून आलीय. तपकिरी शर्ट तीन शिवले. जाड कापड, आत नंबर, गाठी अगदी ठसठशीत. अंगठा फिरवतात आणि घालतात. मला वाटलं, चला, सावरलं.

पण गेल्या मंगळवारी मी मशीनवर बसले होते. टेप गळ्यात, तीच साडी. ते आतून आले, मला नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, ‘ब्लाउज न्यायला आलात का? बसा हं, ती येईलच इतक्यात.’ मला पाणी आणून दिलं. मी प्यायले.  शेजारी बसून मी स्वतःचीच वाट बघितली, बराच वेळ.

आता माझ्याकडे दुसरी टेप नाही गं. अजून काय गळ्यात घालू, तूच सांग.

तुझी मात्र खूण अजून आहे. भिंतीवरचा तुझा तो शाळेत जातानाचा फोटो, निळ्या चौकड्यांचा फ्रॉक घातलेला. तो मीच शिवला होता. त्याच्यासमोर उभे राहून रोज म्हणतात, ‘ही आली नाही अजून शाळेतून?’ बाजारात तसंच निळ्या चौकड्यांचं कापड मिळालं, तर तुझी कुर्ती बेतली मी. अंदाजाने शिवलीय, तुझं माप माझ्याकडे आहे ते कॉलेजातलं. खांद्याला सैल ठेवलीय, खालची दुमड घातलेली नाही, ती तू अंगात घातल्यावर घालीन. तुला हा रंग शोभत नाही, माहितीये मला. एक दिवस घाल. स्टेशनवरून रिक्षा कर, दारात उतर, आणि आधी आत येऊ नकोस; खिडकीशी ये, कुर्ती तिथेच हातात देईन, शेजारणीकडे जाऊन बदल, मग दारातून ये. त्यांना दिसू दे.

तू आलीस की त्यांचं नाक नीट बघून ठेव. मी आता रोज बघते. सरळच आहे, शेंड्याला जरासं बसकं.

पुढच्या महिन्यात नको. या शनिवारी जमतंय का बघ. ये गं.