पंखांतल्या टाक्या

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि सिल्वासात जे ओळखतात, ते मला फार चांगला माणूस समजतात. तीच तर अडचण आहे.

मी भागवत, मूळचा जळगावकडचा. खडोलीच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. पत्र्याच्या कामात माझा हात बसलेला, त्यातूनच परब सरांशी ओळख झाली. सर मालवणकडचे. इथे मुलांना इंजिनदुरुस्ती शिकवायचे, टोकरखाड्याला राहायचे आणि राखोलीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी दोन माणसांचं विमान बांधायचे. हसू नका. मीही आधी हसलोच होतो. मग एका रविवारी आत डोकावलो, अर्धवट पंखाचा सांगाडा हात लावून पाहिला, आणि पुढचे सगळे रविवार माझे तिथेच गेले.

विमान झालं. परवानग्या मिळवता मिळवता सरांचे केस पिकले, पण त्याही मिळाल्या. गुजरातच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाची लहानशी धावपट्टी होती, तिथून ते उडू लागले. पण सरांना हवं होतं वेगळंच. शुभदा वहिनींना शेजारी बसवायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्या गावापर्यंत जायचं, वरून त्यांना घर दाखवायचं — आणि पेट्रोलसाठी मध्ये कुठेही न उतरता परत यायचं. असलेली टाकी तेवढ्याला पुरणारी नव्हती. म्हणून दोन्ही पंखांत एकेक जादा टाकी बसवायचं ठरलं. मीच म्हणालो, मी करतो. सर म्हणाले, "तू करतोस म्हणजे मला बघायलाच नको."

आणि खरंच त्यांनी पाहिलं नाही. माझ्यावर सोडलं.

टाक्या मी छान केल्या. ॲल्युमिनियमचा पत्रा, रिवेटची सरळ ओळ — आजही कोणी पाहिल्या तर नाव ठेवणार नाही. राहिलं होतं ते सांधे आतून बंद करणं. त्यासाठी सरांनी बाहेरून खास सीलंट मागवलं होतं, दोन भाग मिसळून लावायचं. एकदा मिसळलं की थांबायचं नाही, लगेच लावून मोकळं व्हायचं. मी मिसळलं, आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. बोलत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा डब्यात दगड झाला होता.

तेव्हाच सांगितलं असतं तर? सर रागावले असते का? नाही. 'पुन्हा मागवू' म्हणाले असते, एवढंच. पण पुन्हा यायला कितीतरी आठवडे लागणार, हिवाळ्यातली स्वच्छ हवा निघून जाणार — आणि ती निघून गेली ती भागवतमुळे, असं होणार. मला ते नको होतं. मी कामात चुकत नाही, अशी माझी ख्याती होती ना.

कारखान्यात पंपाच्या झाकणांना लावायची एक ट्यूब असते. ती आणली. लावल्यावर दिसायला सारखीच. टाक्यांत हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं — एक बुडबुडा नाही. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या ट्यूबवर लिहिलेलं होतं, पेट्रोलसाठी वापरू नये. ते मी वाचलं होतं. लावायच्या आधी वाचलं होतं.

पहिली उड्डाणं सरांनी एकट्यानेच केली. सगळं ठीक. मला वाटलं, निभावलं. मग विमान काही दिवस भरल्या टाक्यांनी उभं राहिलं. त्यानंतर वहिनी पहिल्यांदा बसल्या — गावी जायच्या आधी नुसता सराव म्हणून. मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. दोन चकरा झाल्या, आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग आवाजच नाही.

सरांनी विमान शेतात उतरवलं. बांध आडवा आला. मी मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा वहिनी ओरडत नव्हत्या, आपल्या डाव्या पायाकडे नुसत्या बघत होत्या. शेतातली माणसं धावली, जीप आणली, दोघांना घेऊन गेली. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी विमानापाशी थांबतो.

थांबलो कशाला, ते तुम्हाला कळलं असेल.

मी पेट्रोलचा फिल्टर उघडला. आत जेलीसारखे गोळे. माझंच सीलंट — पेट्रोलने फुगून, सुटून आलेलं. जुन्या आणि नव्या, सगळ्याच टाक्यांच्या पेट्रोलची वाट त्या एकाच फिल्टरमधून जाते. म्हणजे सरांनी इंजिन थांबताच पुन्हा जुन्या टाकीवर घेतलं होतं — कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची मूठ बरोबर जुन्या टाकीवरच होती — तरी उपयोग झाला नसणार. माणसाने करायचं ते सगळं त्यांनी केलं होतं. मी फिल्टर धुतला. परत बसवला. आणि मग —

मग मी ती मूठ अर्धवट फिरवून ठेवली. ना इकडे, ना तिकडे; अशी की पेट्रोलच बंद.

सर दवाखान्याच्या बाकावर बसले होते, कपाळाला पट्टी. मला पाहताच उठले.

"व्हॉल्व्ह खंय होतो?" घाईत असले की ते मालवणीत बोलायचे.

"मधेच राहिला होता, सर."

"मी फिरवलंय रे. माका आठवता, मी फिरवलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता, अजून वेळ होती. मग ते हळूच खाली बसले. "माजा चुकला तर," म्हणाले.

चौकशीला माणसं आली, त्यांना सरांनी स्वतःच हे सांगितलं. मीही तेच सांगितलं. चालवणाराच चूक कबूल करतोय म्हटल्यावर टाक्या कोण उघडणार? पुढे त्या मीच उतरवल्या आणि भंगारात दिल्या. सरांनी पुन्हा विमानाला हात लावला नाही. वहिनींचा गुडघा वाकत नाही. शाळेची नोकरी त्यांनी सोडली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते.

मला जळगावला चांगली नोकरी मिळत होती. गेलो नाही. लोक म्हणाले, परबांसाठी थांबला. खरं म्हणजे भीती वाटली — मी लांब गेलो आणि सर कधी एकटे बसून नीट विचार करू लागले तर? म्हणून जवळ राहिलो. दिवाळीला पहिलं ताट त्यांच्या घरी. आजारपणात मी. गॅस संपला, मी. जितकं करतो तितकी माझी कीर्ती वाढते, आणि तितकं तोंड उघडणं अवघड होतं. सर दर वर्षी नव्या मुलांना स्वतःची चूक सांगतात, न लाजता. एकदा मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "ह्या माणसाने मला कधी दोष दिला नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण सर्वांत वाईट ते नाही. सांगतो.

वहिनी सरांच्या हातात गाडी देत नाहीत. भांडण नाही, टोमणा नाही. सरांनी किल्ली उचलली की त्या फक्त म्हणतात, "राहू दे, भावजी येतील." आणि मला फोन येतो. व्यायामाला न्यायचं तरी मी, बाजारात तरी मी. कितीतरी वर्षं झाली. सर आता किल्लीकडे बघतही नाहीत.

परवाही गेलो होतो. वहिनी पुढे बसल्या, पाय सरळ ठेवायला तिथेच जागा मिळते. सर मागे. नाक्यावर एक ट्रक एकदम आडवा आला, मी ब्रेक दाबला. वहिनींनी माझा दंड धरला, मग सोडला आणि हसल्या.

"तुम्ही असलात ना भावजी, की मला भीती नाही वाटत."

आरशात सर दिसत होते. ते खिडकीबाहेर बघत होते — ऐकलंच नाही असं दाखवत. ऐकलं होतं.

मी गियर टाकला आणि गाडी पुढे घेतली.