गाडीच्या नाकाला आईचं फडकं

मंडळी, आज उलव्याच्या बांधकाम साइटवरून सुकापूरला घरी येताना पुलाच्या चढावर गाडीने जीवच सोडला. अ‍ॅक्सिलरेटर पार दाबलाय आणि बाई ढिम्म! मागून हॉर्नवर हॉर्न.

कशीबशी घराजवळच्या गॅरेजात आणली. मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि हसायलाच लागला. "दादा, इंजिनाला श्वासच नाय! हे कुणी बांधलं?"

हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाला दुहेरी सुती फडकं, धुळीने माखलेलं. ते सोडलं, एअर फिल्टर साफ केला, गाडी पळायला लागली.

गाठ ओळखीची होती. स्वयंपाकघरातल्या नळाला आई अश्शीच बांधते. रविवारी मी बोनेट उघडलं तेव्हा तिने विचारलंही होतं, "ही हवा कुठून घेते रे?"

घरी येऊन जाब विचारला. म्हणाली, "आपण पाणी गाळून पितो. ती बिचारी रोज तुझ्या साइटवरची धूळ खाते."

"आई, गाडीला फिल्टर असतो गं!"

ती उठून आत गेली. मग दुसरं धुतलेलं फडकं माझ्या हातात ठेवलं. "आणि तुला?"

उद्या तोंडाला बांधून जाणार आहे. तुमच्या आईने कशाकशाला फडकं बांधलंय?