टॅबलेटवर आण्णांचा हात

कसबा बावड्याच्या भैरवी चौगलेला आपल्या हाताचा अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. सातवीत असताना तिनं शेजारच्या म्हाताऱ्याचं चित्र पेन्सिलीनं काढलं, तर ते बघून म्हाताऱ्याच्या सुनेनं पटकन डोक्यावर पदर ओढला होता. आता ती चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. या वर्षापासून निम्मं काम कॉम्प्युटरवर करून द्यायचं होतं, आणि माऊसनं चित्र काढणं म्हणजे विटेनं मेंदी काढण्याची गत. लॅपटॉप घरात होता, ड्रॉइंग टॅबलेट घेणं भाग होतं.

दोन महिने तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून डोकं पिकवलं. टॅबलेट दोन जातींचे. एकाला स्वतःचा स्क्रीन असतो, कागदावर काढावं तसं थेट त्याच्यावर काढायचं. दुसरा नुसती काळी पाटी. पेन फिरवायचं पाटीवर, आणि रेघ उमटते समोरच्या लॅपटॉपवर. लोकांची पेन्सिल-चित्रं काढून भैरवीनं नऊ हजार साठवले होते. तेवढ्यात स्क्रीनवाला बारका तरी बसेल, असा तिचा होरा होता.

दुकान राजारामपुरीत होतं. वडील, म्हणजे आण्णा, रात्रपाळी करून सकाळी घरी आले होते. कृष्णात चौगले साखर कारखान्यात क्रेन चालवायचे, चोवीस वर्षं. तासभर पडले, उठले, आणि तसेच गाडीवर तिच्यासोबत आले. दुकानात मात्र ते दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले. आपल्याला यातलं काय कळतंय, असा चेहरा.

दुकानदार मोहितनं स्क्रीनवाला टॅबलेट पुढं ठेवला. भैरवीनं पेन टेकवलं आणि चार रेघांत डोळा उमटला. तिचा जीव सुपाएवढा झाला.

"केवढ्याला?"

"चोवीस हजार. ह्याच्याहून स्वस्तातला घेतलास तर रंग फिके दिसतात. मग परत माझ्याच नावानं ओरडशील."

भैरवीनं पेन खाली ठेवलं. चोवीस हजार! कॉलेजची वर्षाची फीसुद्धा तेवढी नव्हती.

"मग ही पाटी बघ की," मोहित म्हणाला. "साडेचार हजार. मधल्या आकाराची घे, लहानावर मनगट आखडतंय. पेनला चार्जिंग लागत न्हाय. शिकणारी सगळी पोरं हीच नेतात."

त्यानं पाटी लॅपटॉपला जोडून दिली. भैरवीनं ऐटीत गोल काढायला घेतला आणि पडद्यावर बटाटा उमटला. परत काढला, अजून वाकडा. सरळ रेघ काढायला गेली तर ती पावसाळ्यातल्या गांडुळासारखी वळवळत गेली. ती हाताकडं बघायची, तर रेघ कुठं चाललीय ते दिसायचं नाही. पडद्याकडं बघायची, तर हात कुणा दुसऱ्याचाच वाटायचा. ज्या हाताच्या जिवावर ती बाकीच्या मुलींपेक्षा दोन बोटं उंच चालायची, त्याला साधा गोल येईना!

"सवय होईल. महिनाभर लागतो," मोहित म्हणाला.

"मला न्हाई जमणार." तिनं पाटी मागं सरकवली. "चल आण्णा, मी न्हाई घेत."

आण्णा उठून जवळ आले. स्क्रीनवाल्या टॅबलेटकडं बोट करत म्हणाले, "त्यो मोठाच घिऊया की. हप्त्यानं."

"नको म्हटलं ना."

"बरं." ते थोडं थांबले. "पावणं, ही पाटी मी बघू काय जरा?"

भैरवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं जन्मात चित्र काढलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आण्णांनी पेन चार बोटांत गच्च धरलं, एखादा दांडा धरावा तसं. नजर वर पडद्याला लावली. आणि एक रेघ काढली. लांब, सरळ, सुतात. तिच्याखाली दुसरी, बरोबर तेवढ्याच अंतरावर. मग दोन उभ्या मारून चौकट जुळवली. चारी कोपरे मिळाले. एवढ्या वेळात त्यांनी हाताकडं एकदाही बघितलं नव्हतं.

मोहित काउंटरवरून वाकून बघत राहिला. "काका, आधी कुठं वापरलाय व्हय?"

"छ्या. आज बघतोय."

"मग जमतंय कसं?"

आण्णांनाच प्रश्न पडल्यासारखं झालं. "न जमायला काय हाय त्यात? माझा दांडा वर केबिनमधी हातात असतोय, आन् उसाची मोळी खाली, पार लांब. तिकडं बघत तिला ट्रॉलीतनं उचलायची आन् गाळपाच्या गव्हाणीत सोडायची. हाताकडं बघून चालतंय व्हय? हाताला ठावं असतंय."

शाळा-कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या कामापुढं भैरवी दरवर्षी 'कारखान्यात नोकरी' एवढं लिहायची. ते काम नेमकं काय असतं, हे तिनं एकोणीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. दांडा ओढायचा आणि सोडायचा, त्यात काय एवढं, असंच ती धरून चालली होती.

तिनं साडेचार हजारांची पाटी घेतली.

त्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. आण्णांनी तिच्या उजव्या हातावर टॉवेल टाकला. "आता दिसंना न्हवं? मग बघायचा प्रश्नच न्हाय." पडद्यावर दोन ठिपके द्यायचे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ न्यायची. चित्र नाही, रंग नाही. पहिल्या दिवशी भैरवी एवढी चिडली की तिनं टॉवेल आईच्या अंगावर भिरकावला. चौथ्या दिवशी रेघ जरा ताळ्यावर आली. अकराव्या दिवशी टॉवेलाखालून गोल निघाला, अगदी गोल गोल, आणि तिनं एवढ्यानं आरोळी ठोकली की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली.

पण खरा धक्का पुढंच होता. एका दुपारी ती कॉलेजातून आली, तर लॅपटॉप उघडा आणि आण्णा त्याच्यापुढं बसलेले. ती मागून गेली आणि जागीच थबकली.

पडद्यावर कारखान्याचं आवार होतं, वरून दिसणारं. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची वाकडीतिकडी रांग, माणसांच्या जागी नुसत्या टोप्या आणि पटके. बैल म्हणजे लांबट पाठी, पुढं शिंगांचे दोन आकडे. प्रत्येकाची सावली एकाच बाजूला पडलेली. रेघा जाड होत्या, ओबडधोबड होत्या. पण चित्र बघताना आपण उंचावर लटकतोय असंच वाटत होतं.

"आण्णा, हे तू काढलंस?"

ते चोरी पकडल्यासारखे दचकले. "चालतंय का बघत हुतो. पुसतो, थांब."

"हात लावू नको!" ती ओरडलीच. मग जवळ जाऊन बघत म्हणाली, "बैलांना पाय काढले न्हाईस?"

"वरनं पाय दिसत न्हाईत की गं."

कॉलेजात दोन वर्षं सर हेच सांगत होते, ठाऊक आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. वहीत भैरवीनं ते लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. तरी बैल म्हटला की तिचा हात आधी चार पाय काढून मोकळा व्हायचा.

आई पदराला हात पुसत आली आणि बघतच राहिली. "चोवीस वर्सं संसार केला," ती म्हणाली, "ह्या माणसानं दारात रांगोळीचा एक ठिपका काढला न्हाई. ह्याच्यात हे हुतं कुठं?"

"कुणी ईचारलं न्हाई," आण्णा म्हणाले. सरळ सांगितलं, रुसवा नव्हता त्यात. भैरवीला मात्र ते लागलं.

भैरवीनं सरांना सगळं सांगितलं. वार्षिक प्रदर्शनात तिच्या चित्रांशेजारी ते चित्रही लागलं, खाली कृष्णात चौगले असं नाव घालून. पहिल्या दिवशी आण्णा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, आणि चित्रापासून लांब, खांबाआड उभे राहिले. सोबत हंबीरराव होते, ऊसवाहतुकीची बैलगाडी हाकणारे. चित्रातलं काही कळणार नाही म्हणून ते यायलाच तयार नव्हते.

हंबीरराव चित्रापुढं गेले आणि तिथंच खिळले. रांगेतल्या तिसऱ्या गाडीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यो माझा बैल हाय," ते जवळजवळ ओरडलेच. सगळा हॉल वळून बघायला लागला. "खांद्यावर जुवाचा वळ बघा! अन् ह्यो माझाच पटका! क्रिष्णा, तू मला वरनं बघत हुतास व्हय रं?"

"रोज," खांबाआडून आण्णा म्हणाले.

हंबीररावांनी मोबाइल काढून भैरवीच्या हातात दिला. "पोरी, ह्याचा एक फोटू काढून दे. घरात दावतो." भैरवी मागं सरकत गेली, आणि चित्रासोबत खांबाआडचे आण्णाही चौकटीत आल्यावरच तिनं फोटो काढला.