‘वखर हाकू काय?’ असं विचारणारा माणूस

उत्तमराव बोडखेसाहेबांची आणि माझी पहिली भेट एका मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत त्यांनी मला माझ्या शिक्षणाबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. तोफगोळे बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यात तपासणी विभागात जागा निघाली होती. मी पदवी, गुण, प्रकल्प सगळं घोकून गेले होते. साहेबांनी माझा अर्ज बाजूला सारला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “गाव कोनतं?” मी म्हटलं, “केनवड, तालुका रिसोड.” ते स्वतः त्याच तालुक्यातल्या रिठदचे. चेहरा जरा उजळला. “वावर हाये?” “आहे थोडं शेत.” “वखराच्या मांगं कधी चालल्या?” मी हो म्हटलं. “मंग जमन,” म्हणाले, आणि मुलाखत संपली.

गाववाली म्हणून आपलं काम झालं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर कळलं की परराज्यातून आलेल्या उमेदवारांनाही साहेब हेच विचारत. कार्यालयात थट्टा चालायची, की बोडखेसाहेब पदवीच्या जागी सातबारा पाहतात. ती थट्टा साहेबांच्या कानावर होती, आणि ती त्यांना आवडायचीही. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मला आधी ती मुलाखतच आठवली.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तोफगोळ्याच्या टोकाला एक छोटं यंत्र बसवलेलं असतं, त्याला फ्यूज म्हणतात. गोळा कधी फुटायचा, हे तो ठरवतो. फ्यूज बिघडला तर दोन गोष्टी होऊ शकतात. गोळा वेळेआधी, आपल्याच तोफेपाशी फुटतो. किंवा जाऊन पडतो आणि फुटतच नाही. पहिल्या गोष्टीला सगळे घाबरतात, कारण तिथे आपली माणसं असतात. दुसरीबद्दल गिऱ्हाईक फार तर कुरकुर करतं. साहेबांची झोप उडवायची ती दुसरी. न फुटलेला गोळा मातीत शिरतो, त्याच्यावर गवत येतं, लढाई संपते, करार होतात, आणि मग कुणीतरी त्या मातीत औत घालतो. वखराच्या मागे चाललेल्या माणसाला पात्याखाली काहीतरी लागल्याचा धक्का हाताला कळतो. साहेबांना तो हात हवा होता.

म्हणून आमच्या विभागात भिंतीवर दर्जाची घोषवाक्यं नव्हती. एक प्रश्न होता, तोही तोंडी. कुणी एखादा फ्यूज ‘चालून जाईल’ म्हणून पुढे सरकवला की साहेब तो उचलून डोळ्यांसमोर धरायचे आणि विचारायचे, “हे कोनाच्या वावरात पडन?” पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करायची. पण नक्कल करता करता ती सवय होऊन बसली, आणि ‘चालून जाईल’ हा शब्द आमच्या खोलीतून कायमचा गेला.

एकदा बाहेर देशी जायच्या मालात आतल्या स्प्रिंगांवर गंजाची पुसटशी छटा दिसली. साहेबांनी सगळा माल परत पाठवला. विक्री विभागाचे एक तरुण अधिकारी तणतणत आले. म्हणाले, “साहेब, हे आपल्या सैन्याचं नाही, निर्यातीचं आहे. ते लोक इतकं बारीक पाहत नाहीत.” साहेब शांतपणे म्हणाले, “आपल्यासाठी एक माप अन् परक्यायसाठी दुसरं? काहून? त्यायच्या वावरात का माती वेगळी हाये?” अधिकारी वर जाऊन तक्रार करून आले. पण माल गेला नाही. स्प्रिंगा बदलल्यावरच गेला.

आता त्यांच्या स्वप्नाविषयी. हे ग्रंथात लिहावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला, शेवटी साहेबांनाच विचारलं. ते म्हणाले, “लिही नं. स्वप्नाले काय लाजायचं?” म्हणून लिहिते.

साहेबांना एक स्वप्न पडायचं. एक वावर आहे. माती काळी, आपल्यासारखीच, पण पलीकडच्या टेकड्या ओळखीच्या नाहीत. धुकं असतं, आणि कुठूनतरी ओल्या कडब्याचा वास येत असतो. बांधावर एक माणूस बैलजोडी आणि वखर घेऊन उभा असतो. पेहराव परका, चेहरा परका, पण बोलतो आपल्या वऱ्हाडीत. तो साहेबांकडे पाहून विचारतो, “भाऊ, वखर हाकू काय?” साहेब उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि जाग येते.

सकाळच्या चहाला साहेब हे स्वप्न असं सांगायचे, जसं कुणी सोयऱ्यांकडे जाऊन आल्याचं सांगतं. आम्हीही विचारायचो, “आला होता का काल?” “आलता. या खेपेले एक बैल नवा हाये त्याचा, पांढरा.” एकदा म्हणाले, त्याच्या बांधावरच्या बोरींना बोरं लागली आहेत. एकदा म्हणाले, तो जरा खंगल्यासारखा वाटला. ते वावर आम्हा सगळ्यांच्या इतकं ओळखीचं झालं होतं की मला कधी कधी कामाच्या टेबलावरून मान वर केली की खिडकीबाहेर त्या टेकड्या दिसतील असं वाटायचं. हसू नका. बारीक वस्तूंकडे दिवसभर पाहणाऱ्या माणसाचे डोळे असेच दूर जातात.

साहेबांना शस्त्रांचा तिटकारा होता, असं मात्र कुणी समजू नये. सीमेवर उभ्या असलेल्या पोराच्या हाती खोटा गोळा देणं याहून मोठं पाप नाही, असं ते मानत आणि आजही मानतात. एकदा सुटीत गावी आले असताना ते केनवडला माझ्या वडिलांना भेटायला गेले होते. बाबांना माझं हे काम कधीच पटलं नव्हतं. त्यांनी साहेबांना तोंडावर विचारलं, “पोरीले कायले लावलं या धंद्यात? हे काम चांगलं हाये का वाईट, सांगा.” साहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “काका, मले बी अजून उमगलं नाही. पन जे करशीन ते नीट पाहून कर, इतकंच मी तिले शिकवलं.” बाबांना हे उत्तर आवडलं. त्यानंतर ते माझ्याशी माझ्या कामाविषयी बोलू लागले. बाबा आजारी पडले तेव्हा मला रजा मिळेपर्यंत साहेबांच्या पत्नी शांताकाकू रिठदहून एसटीनं केनवडला जाऊन त्यांच्यापाशी बसल्या. ते कुणी सांगितलं म्हणून झालं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग ती निर्यातीची खेप आली. त्यात दोष काढावा असं काहीच नव्हतं. इतका निर्दोष माल आमच्या हातून आधी झाला नव्हता. कायद्याप्रमाणे, माल अखेर कोण वापरणार याची लेखी हमी माल घेणाऱ्या देशाकडून लागते, तीही आली होती. पण बंदरावरची माणसं बोलत होती, की माल तिथे उतरणार आणि तिथून शेजारच्या मुलखात जाणार, जिथे तिथलीच माणसं स्वतःच्याच गावांवर तोफा डागत होती. साहेबांनी वरिष्ठांना विचारलं, “तिथून पुढं कुठं?” उत्तर आलं, “बोडखे, आपलं काम दर्जा पाहायचं.” साहेब म्हणाले, “दर्जा म्हंजे काय, तेच तर विचारून राह्यलो.” आणि त्यांनी सही केली नाही.

दुसऱ्या कुणीतरी केली. माल गेला. साहेबांची बदली अवजारांच्या भांडारात झाली. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते, पाने, पकडी आणि कानशी देत-घेत. त्यांनी राजीनामा दिला नाही, वर्तमानपत्रात गेले नाहीत. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मला त्या काळात त्यांचा थोडा रागही आला होता. वाटायचं, यांनी एवढ्यावर का थांबावं? आता त्यांच्याच खुर्चीत बसते, तेव्हा कळतं की नाही म्हणून पुन्हा रोज त्याच फाटकातून आत येणं सोपं नसतं.

भांडारात मी त्यांना भेटायला जायची. एकदा सवयीनं विचारलं, “आला होता का?” साहेब कानस पुसत होते. म्हणाले, “नाही येत आता. ते खेप गेली तवापासून नाही.” मी म्हटलं, “मग बरंच झालं, शांत झोप लागत असेल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्यानं न विचारताच हाकला असन वखर,” म्हणाले. मग ते पुन्हा कानस पुसू लागले.

निवृत्तीनंतर साहेब रिठदला परतले. ट्रॅक्टरच्या दिवसांत त्यांनी बैलजोडी ठेवली, गावानं वेड्यात काढलं. आम्ही पंचाहत्तरीच्या सत्काराची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी आम्हाला साफ उडवून लावलं. “ज्यानं माह्या कामाचं सांगावं तो येतच नाही. मंग सत्कार कायचा करता बाप्पा?” सत्कार समितीच्या मंडळींना वाटलं, साहेब विनयानं बोलत आहेत. तो विनय नव्हता, हे मला माहीत होतं.

आज आपला देश शस्त्रं विकत घेता घेता विकूही लागला आहे. चांगली बनवतो, म्हणून लोक घेतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण गेल्या वर्षी माझ्याच टेबलावर तशीच खेप आली. माल उत्तम, हमी रीतसर, आणि बंदरावर पुन्हा तीच कुजबुज. मी साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुले काय वाटते?” बस, एवढंच. मी वर विचारलं, “तिथून पुढे कुठे?” आणि सही थांबवली. या वेळी सही करणारं दुसरं कुणी सापडलं नाही, कारण विभागात सहीचा अधिकार असलेले सगळे साहेबांच्याच हाताखाली तयार झालेले होते. घेणाऱ्याला विचारावं लागलं. त्यानं सरळ उत्तर दिलं नाही, आणि मागणी रद्द झाली. कारखान्यात काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं जादा काम बुडालं, त्यांचा राग मी समजू शकते.

हे सांगायला मी रिठदला गेले. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी रान तयार करणं चाललं होतं. सकाळचं धुकं अजून वावरात होतं. साहेबांनी गड्याच्या हातून वखर घेतला होता आणि ते एक ओळ सावकाश हाकत होते. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी बैल थांबवले, खाली वाकून ढेकूळ उचललं, हातात चुरलं. “बरं,” म्हणाले. मग शांताकाकूंनी पाठवलेला चहा आम्ही घेतला, आणि धुक्यातल्या त्या काळ्या मातीकडे पाहताना मी इथेच आहे की साहेबांच्या त्या वावरात, हे मला क्षणभर कळेना.

चार-सहा दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला.

“माय, तो आलता.”

“काय म्हणाला?”

“तेच. भाऊ, वखर हाकू काय?”

“मग जाग आली?”

“नाही नं. या खेपेले आली नाही. म्या म्हनलं, थांब गड्या. जरा थांब, म्या पाहून येतो.”

“मग?”

“थांबला तो. बैलं सोडून बांधावर बसला.”

त्याच दिवशी साहेबांनी सत्काराला होकार दिला.

साहेब, तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायचं ते आम्हा शिष्यांच्या लोभापायी नव्हे. तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच बारीक राहो, शांताकाकूंची साथ राहो. ‘पाहून येतो’ म्हणालात ते वावर मोठं आहे, आणि तुम्ही वीतभरही न पाहता सोडणाऱ्यांतले नाही. सावकाश पाहा. आम्हीही मागोमाग येतोच आहोत. तो माणूस बांधावर बसला आहे, बोरं पिकली आहेत, आणि त्याला आता घाई नाही.